डुकराच्या मागची माणसं

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ज्या कॅबिनमध्ये मी गेली आठ वर्षं चहा पितोय तिथे मला सगळे 'शिकारी' म्हणून हाक मारतात. कतारमधल्या रास लफानच्या एका गॅस प्लांटमध्ये मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. प्रेशर आणि टेंपरेचर दाखवणारी यंत्रं तपासायची, बिघडली तर दुरुस्त करायची, हे माझं काम. राहायला अल खोरला कंपनीच्या खोलीत. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, तिथे आई आणि धाकटा भाऊ.

'शिकारी' हे नाव मी माझ्या हाताने ओढवून घेतलं. आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, कतारी आहे. उमदा माणूस. हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकतो, ससाणा पाळतो आणि वर्षातून एकदा सुट्टी काढून परदेशात रायफलने शिकार करायला जातो. दुसरा आमचा मेंटेनन्सचा बुजुर्ग इंजिनिअर, दक्षिण आफ्रिकेचा, शेतावर वाढलेला. हे दोघे साडेनऊच्या चहाला एकत्र आले की एकाच विषयावर भांडायचे. शिकारीला थर्टी-ओ-सिक्स काडतूस चांगलं की थ्री-ओ-एट?

मला आधी यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ऐकून ऐकून कळलं. गोळी दोन्हींत सारख्याच जाडीची, फरक मागच्या पितळी नळकांड्यात. थर्टी-ओ-सिक्सचं नळकांडं लांब, त्यात दारू जास्त मावते, त्यामुळे वजनदार गोळी फेकता येते. थ्री-ओ-एट आखूड, खांद्याला धक्का कमी, नेम धरायला सोपं. मुदीर म्हणायचा, मोठं जनावर असेल तर थर्टी-ओ-सिक्सशिवाय दुसरं नावच घेऊ नका. म्हातारा म्हणायचा, अरे, अर्धे लोक त्या धक्क्याला घाबरून डोळे मिटतात आणि मग काडतुसाला दोष देतात. मुदीर व्हाइटबोर्डवर पेनने गोळीचा मार्ग काढून दाखवायचा. वर चढते, मग खाली येते, मग टिंब. टिंब म्हणजे हरीण. म्हातारा ते बोटाने पुसून टाकायचा.

एका हिवाळ्यात माझ्या तोंडाला खाज सुटली. मी म्हणालो, "आमच्या कोकणात आम्ही रानडुक्कर मारतो." मुदीरने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "तू स्वतः मारलंयस?" मी हो म्हणालो. तोवर कधी नव्हे ते त्याने माझ्याकडे इतक्या आदराने पाहिलं. त्या दिवसापासून मी शिकारी झालो आणि त्यांच्या वादात पंच.

खरं सांगायचं तर मी आयुष्यात एकदाच बंदूक उडवली. समोर रॉकेलचा डबा होता, तोही लागला नाही, आणि खांदा आठवडाभर सुजला होता. डुकरं मारायचे ते माझे वडील. शेतीच्या रक्षणासाठी परवाना मिळालेली बारा बोरची बंदूक होती त्यांच्याकडे. मी त्यांच्या मागे काडतुसांची पिशवी घेऊन चालायचो, आणि बार झाला की कान दाबून खाली बसायचो.

आमच्याकडची पारध कशी असते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका बाजूने पंचवीस-तीस माणसं हाका घालत, डबे बडवत रान काढत येतात. रानाच्या दुसऱ्या तोंडाला बंदूकवाला दबून बसतो. डुक्कर हाकेला घाबरून त्याच्या दिशेने पळतं. म्हणजे बंदूकवाल्याच्या समोर डुक्कर, आणि डुकराच्या मागे अख्खा गाव. म्हणून बाबा पारधीत रायफल येऊच देत नसत. छऱ्यांची काडतुसं, आणि डुक्कर अगदी जवळ आल्यावर. छरे थोड्या अंतरावर दमून पडतात, रायफलची गोळी डुकरात थांबेलच असं नाही, हे त्यांनी मला शंभर वेळा सांगितलं होतं. कोणी नवी रायफल घेऊन मिरवत आलाच तर बाबा त्याला चहा पाजायचे आणि घरी पाठवायचे.

जनावर पडलं की वाटे पडतात. हाक्याला आलेल्या प्रत्येकाला सारखा वाटा, आणि वर एक बंदुकीचा. तो बंदुकीचा वाटा आमच्या घरी यायचा. पानात गुंडाळून, चार माणसांसमोर. बाबा गेले, परवाना त्यांच्या नावावर होता, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. तेव्हापासून माझा भाऊ इतरांबरोबर डबा बडवायला जाऊ लागला, आणि बंदुकीचा वाटा सुभेदारांच्या घरी जाऊ लागला. सुभेदार म्हणजे आमच्या वाडीतले फौजेतून रिटायर झालेले गृहस्थ. मटणाच्या चार तुकड्यांचं ते काय, असं मी फोनवर म्हणायचो. भावाला ते लागायचं. इथे बसून मला ते म्हणणं सोपं होतं.

पुढे सुभेदारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ते भावाला म्हणाले, आता बंदुकीला तू बस. परवाना एकाचा आणि बोट दुसऱ्याचं, हे कायद्यात बसत नाही हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं आणि कोणी तोंड उघडत नव्हतं. डुकरं भाताची नासाडी करत होती, वनखात्याची परवानगी काढलेली होती, आणि भाऊ पुन्हा बंदुकीला बसणार म्हणून आई खूश होती.

तेव्हा भावाचा फोन आला. मी अल खोरच्या किनाऱ्यावर फिरत होतो.

"दादा, सुभेदार नवीन बंदूक घेतायत. दुकानवाला म्हणतो, तीस-शून्य-सहाची रायफल घ्या. सुभेदार बोलले, तुझ्या भावाला इचार. त्याच्या सायबाकडं तसलीच हाय ना?"

"तसलीच आहे."

"मग घ्यावी काय?"

गल्फमधला माणूस हा गावाला सगळ्यातलं कळणारा माणूस असतो. मोबाइल कुठला घ्यावा, गुडघ्याला कुठलं तेल लावावं, सगळं त्याला विचारायचं. आणि त्यालाही कधी 'मला माहीत नाही' म्हणता येत नाही. मी तर या विषयातला पंच. मी वीस मिनिटं बोललो. नळकांड्याची लांबी सांगितली, गोळीचं वजन सांगितलं, मुदीरने व्हाइटबोर्डवर काढलेली रेघसुद्धा शब्दांत काढून दाखवली. शेवटी म्हणालो, "डोळे झाकून घ्या. छऱ्यांनी डुक्कर जखमी होऊन पळतं, मग ते शोधत फिरा. हिची एक गोळी बास. आरपार जाते."

"आरपार?" भावाने विचारलं.

"आरपार," मी म्हणालो.

त्या क्षणी मला बाबांची गोष्ट आठवली नाही असं मी म्हणणार नाही. आठवली. पण ती सांगितली असती तर वीस मिनिटांचं भाषण पाण्यात गेलं असतं. इतकंच कारण. दुसरं कुठलंही चांगलं कारण मी आजवर शोधून पाहिलं, सापडलं नाही.

रविवारी आमच्याकडे पारध असते, आणि रविवारी इथे कामाचा पहिला दिवस. कंपनीची बस अल खोरहून पहाटे पाचला सुटते. त्या रविवारी मी खिडकीशी डोकं टेकून बसलो होतो. फोन थरथरला. गावच्या ग्रुपवर मेसेज होता: 'पारधीत माणसाला गोळी लागली. कोणाची गाडी असेल ती घेऊन खालच्या पऱ्याजवळ या. लवकर.'

पऱ्या म्हणजे आमच्या रानाखालचा ओढा. बस्स, एवढंच. कोणाला लागली ते लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याने ते गाडीवाल्यांसाठी लिहिलं होतं, माझ्यासाठी नाही. मी भावाला फोन लावला. आउट ऑफ रेंज. पुन्हा लावला. सुभेदारांना लावला, ते उचलत नव्हते. आईकडे फोन नसतो. ग्रुपवर मी लिहिलं, 'कोणाला?' त्याच्याखाली कोणीतरी लिहिलं, 'निघालो.' मग काही नाही. फोन हातातून निसटून माझ्या बुटावर पडला.

आणि बस गेटवर पोहोचली. प्लांटच्या आत साधा मोबाइल नेता येत नाही. गॅस असतो, एका ठिणगीचा प्रश्न असतो. फोन गेटवरच्या कप्प्यात ठेवायचा, किल्ली खिशात घालायची, आणि दुपारी बाहेर पडताना परत घ्यायचा. आठ वर्षं मी हे विचार न करता करत आलो होतो. त्या दिवशी कप्प्याचं दार लावताना फोन आत थरथरल्यासारखा वाटला. मागे रांग उभी होती. सिक्युरिटीवाला घाई करत म्हणाला, "यल्ला, यल्ला." मी किल्ली फिरवली.

त्यानंतरचे तास मी कसे काढले ते मलाच माहीत. भाऊ बंदुकीला बसणार होता. मग गोळी त्याला कशी लागेल? बंदूक हातात फुटली तर? त्याने दुसऱ्या कोणाच्या हातात दिली असेल तर? मी पाइपांच्या मधे उभा राहून मनात म्हणू लागलो, देवा, तो नको. दुसरा कोणीही असू दे. हे दोन-तीनदा म्हणून झालं आणि मग मला लख्ख कळलं की मी काय मागतोय. दुसरा कोणी असेल तर गोळी माझ्या भावाच्या हातून सुटलेली असणार. मग मी उलट मागू लागलो. मग तेही भयंकर वाटलं. असं कितीदा झालं याचा हिशेब नाही. एका गेजचा आकडा मी तीन वेळा वाचला आणि तिन्ही वेळा वेगळा लिहिला.

रजा मागता आली असती. पण मुदीरला सांगायचं काय? घरी गोळीबार झालाय? इथे व्हिसा आहे, नोकरी आहे, उद्या कोणी कागद मागितला तर? मी त्याही विचाराला घाबरलो. त्या दिवशी मी ज्याला घाबरलो नाही असा एकही विचार नव्हता.

साडेनऊला चहा. मुदीर नुकताच शिकारीहून परत आलेला, खुशीत. व्हाइटबोर्डवर रेघ काढून झाली होती. "तीनशे मीटर," तो म्हाताऱ्याला सांगत होता, "एकच गोळी. थर्टी-ओ-सिक्स. जनावर जागच्या जागी खलास."

"थ्री-ओ-एटनेही जागच्या जागीच पडलं असतं," म्हातारा म्हणाला. "आणि तुझा खांदा वाचला असता."

"शिकारीला विचार." मुदीरने पेन माझ्याकडे फेकलं. "सांग रे, तुझ्या डुकराला काय लागतं?"

पेन माझ्या छातीला लागून खाली पडलं. मी उचललं. बोर्डजवळ गेलो. टिंबाच्या मागे मी उभ्या रेघा काढायला लागलो. एक, दोन, पाच, दहा.

"हे काय?" मुदीरने विचारलं.

"ही माणसं," मी म्हणालो. "आमच्याकडे डुकराच्या मागे माणसं असतात. ती ओरडत येतात. मी कधी डुक्कर मारलेलं नाही. माझे वडील मारायचे. ते रायफल आणू द्यायचे नाहीत."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. त्या रेघांकडे बघत तो हळूच म्हणाला, "अशा ठिकाणी रायफल न्यायला परवानगी कोण देतं?"

मुदीर माझ्याकडे बघत होता. "आमच्याकडे जनावराच्या मागे वाळूच असते," तो म्हणाला. "मागे कोण असेल हा विचार मी कधी केलाच नाही." मग त्याने माझा हात पाहिला. मी अजून रेघा काढतच होतो. "घरी सगळं ठीक आहे ना?"

मी सकाळचा मेसेज सांगितला. भावाला काय सल्ला दिला होता ते नाही सांगितलं.

मुदीर उठलाच. "यल्ला, जा. गेटवर जा, फोन कर. तुझं काम मी दुसऱ्याला देतो. इन्शाल्ला, सगळं बरं असेल."

आता ऐका, मी काय केलं. मी म्हणालो, "हातातलं काम संपवून जातो." आणि गेलो नाही. ज्या फोनसाठी सकाळपासून जीव तळमळत होता, त्याच्याकडे जायला वाट मोकळी झाली आणि माझे पायच उचलेनात. कप्प्यात तो फोन बंद होता तोवर भाऊ जिवंतही होता आणि निर्दोषही. मी दुपारी तीनपर्यंत काम केलं. कधी नव्हे इतकं नीट केलं. किल्ली खिशात टोचत होती.

बाहेर पडताना कप्पा उघडला. ग्रुपवर मेसेजांची रांग होती. मी एकही उघडला नाही. पार्किंगच्या कडेला, उन्हात, सरळ भावाला फोन लावला.

"बोल दादा."

त्याचा आवाज ऐकून मी खाली बसलो. जिवंत होता. डोळ्यांत पाणी यायच्या आत दुसरी गोष्ट कळून चुकली: मग गोळी त्याच्याच हातून सुटली होती.

"कोणाला लागली?" मी विचारलं.

त्याने सांगितलं. माझ्या शाळेतला बाकावरचा सोबती. सातवीपर्यंत आम्ही एकाच दप्तराला टेकून बसायचो. हाका घालायला त्याच्यासारखा आवाज पंचक्रोशीत नाही, म्हणून तो नेहमी मधोमध चालतो, डुकराच्या बरोबर मागे.

"मांडीत," भाऊ म्हणाला. "हाड फुटला. रत्नागिरीला आणलाय. जगंल म्हणतात. पाय कसा व्हईल ते सांगत नाय."

मी विचारलं, "आणि डुक्कर?" अशा वेळी माणूस काय विचारेल याचा नेम नाही.

"जागच्या जागी पडला," भाऊ म्हणाला. "तू बोललावतास तसाच. आरपार."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मग तो आवाज उतरवून म्हणाला, "पोलीस सुभेदारांना न् मला घेऊन जातील संध्याकाळी. त्याची आई हितं बसलीय. मघापासून एकच इचारतेय, असली बंदूक गावात आणायची अक्कल कोणाची? मी सांगितला, माझी. तुझा नाव मी नाय घेतला, दादा. तुझी तिकडं नोकरी हाय."

समोरून आमची बस हॉर्न देत होती. मला म्हणायचं होतं, घे माझं नाव. त्या माउलीला सांग, बाबांचं सगळं ठाऊक असलेल्या माणसाने हे सांगितलं. मनात वाक्य तयार होतं. पण मला पासपोर्ट दिसला, मुदीरचा चेहरा दिसला, गावात उतरल्यावर एस.टी.च्या थांब्यावर बसलेली माणसं दिसली.

"बरं केलंस," मी म्हणालो.

भाऊ चार दिवसांनी जामिनावर सुटला. सुटला तो थेट हॉस्पिटलात गेला, आणि तेव्हापासून माझ्या सोबत्याच्या उशाशी तोच बसतो. कॅबिनमध्ये वाद बंद झाला. मुदीरने स्वतः बोर्ड पुसला. मला आता कोणी कॅबिनमध्ये पंच करत नाही, पण नाव मात्र शिकारीच राहिलं.

परवाच्या शुक्रवारी मी खोलीवर भात टाकत होतो. भावाचा व्हिडिओ कॉल आला. "बोल याच्याशी," असं म्हणून त्याने फोन खाटेकडे फिरवला. माझा बाकावरचा सोबती उशीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, पाय लोखंडात अडकवलेला. दोन ऑपरेशनं झाली होती. मला बघून हसला.

"कसा हायस रे?" त्यानेच मला विचारलं.

मी म्हणालो, "बरा आहे. तू कसा आहेस?"

"चाललाय. आवाज हाय अजून, पाय गेला तरी हाका घालीन." तो खोकला. मग सहज, वेळ जायला काहीतरी बोलावं तसं त्याने विचारलं, "तुमच्या तिकडं शेख लोक शिकार करतात ना रे? ते कसली गोळी वापरतात?"

फोन माझ्या भावाच्या हातात होता. चित्र जरा हललं. भाऊ दिसत नव्हता, पण तो ऐकत होता.

त्या रविवारी बसमध्ये मी जितका घाबरलो होतो त्याहून जास्त घाबरलो. खोटं बोलायचीही गरज नव्हती. मुदीरचं काडतूस सांगितलं असतं तर ते खरंच होतं, पण त्यानंतर भावाला दिलेला सल्लाही सांगावा लागला असता.

"मला रे काय माहीत?" मी म्हणालो. "मी कुठे बंदुकीला हात लावतो?"

"तेही खराच," तो म्हणाला. "तू पहिल्यापासून भित्रा. बार झाला की कान दाबून बसायचास." आणि तो हसला, आणि मीही त्याच्याबरोबर हसलो. भाऊ हसला नाही. त्याने फोन स्वतःकडे फिरवला, माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि म्हणाला, "ठेवतो दादा, त्याची औषधाची वेळ झाली."